‘दाबू’ पहिल्या पानावर, ‘नका’ दुसऱ्या पानावर: गुगलचा टेक्निकल रायटिंग कोर्स लातुरात बसून केला, त्याबद्दल

मागच्या वर्षी ३१ मार्चला संध्याकाळी साडेसातला उदगीरहून फोन आला. "मॅडम, वर्षाचं सगळंच दिसंना झालंय."

आमचं सॉफ्टवेअर आडतीच्या हिशोबाचं आहे. शेतकऱ्याचा माल आला, वजन झालं, सौदा झाला, हमाली-तोलाई वजा केली, पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, काढून हातात दिली, तेवढी रक्कम खरेदीदाराच्या नावावर टाकली. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्याला तेच. मी कोड लिहीत नाही. दुकानात जाऊन बसवणं, शिकवणं, फोन घेणं आणि माहितीपुस्तिका लिहिणं ही माझी कामं. पुस्तिका लिहिणं हे काम असतं असं त्या दिवसापर्यंत ऑफिसात कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. कुणी रिकामं दिसलं की त्याच्या गळ्यात पडायचं ते.

तर सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ष बंद करा’ असं एक बटण आहे. ते दाबलं की जुनं वर्ष कुलूपबंद होतं आणि बाक्या नव्या वर्षात येतात. दाबायच्या आधी बॅकअप घ्यायचा. हे मी लिहून दिलं होतं, म्हणून जरा चढ्या आवाजात म्हटलं, "काका, त्यात लिहिलंय ना, बॅकअप घेतल्याशिवाय दाबू नका म्हणून?"

मुनीमकाका शांतपणे म्हणाले, "तुमी तर दाबू म्हणून लिवलंय. भिंतीला लावलंय की मी."

त्यांनी फोटो पाठवला. मी वर्डची फाईल पाठवली होती. झेरॉक्सवाल्याकडं माझा फॉन्ट नव्हता, त्यानं दुसऱ्या फॉन्टमध्ये छापली आणि मजकूर सरकला. पहिल्या पानाची शेवटची ओळ अशी होती: ‘बॅकअप घेतल्याशिवाय वर्ष बंद करा हे बटण दाबू’. ‘नका’ दुसऱ्या पानावर गेलं होतं, आणि काकांनी भिंतीला पहिलंच पान चिकटवलं होतं. त्यांनी अक्षरशः लिहिल्याबरहुकूम केलं. बॅकअप घेतल्याशिवाय दाबलं.

डेटा वाचला. आदल्या रात्रीची प्रत आमच्याकडं होती, त्यामुळं फक्त त्या दिवसाच्या पट्ट्या पुन्हा टाकाव्या लागल्या. ऑफिसातला आमचा पोरगा रात्री एकपर्यंत उदगीरला बसला आणि शेवटच्या गाडीची वेळ टळली म्हणून काकांच्याच घरी जेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "लिहायचं शिकून घ्या कुठंतरी." आधी मी एका मोठ्या शहरातल्या क्लासचा दोन दिवसांचा ऑनलाइन वर्ग केला. साडेसहा हजार रुपये. पहिल्या दिवशी या क्षेत्रात पगार किती मिळतो ते सांगितलं, दुसऱ्या दिवशी कुठली कुठली टूल्स असतात त्यांची नावं वाचून दाखवली. एक वाक्य लिहून घेतलं नाही. त्याबद्दल इतकंच.

मग गुगलचा टेक्निकल रायटिंगचा, म्हणजे तांत्रिक माहिती समजेल अशी लिहिण्याचा, कोर्स सापडला. हा कोर्स मुळात प्रोग्रामर, प्रॉडक्ट सांभाळणारी माणसं, विद्यार्थी अशांसाठी आहे. लेखक नसलेल्या, तरी लिहावंच लागणाऱ्या लोकांसाठी. टेक्निकल रायटिंग वन आणि टू असे दोन मुख्य भाग. शिवाय एरर मेसेज कसे लिहावेत यावर एक वेगळा छोटा कोर्स. सगळं फुकट, मला लॉगिनसुद्धा करावं लागलं नाही. व्हिडिओच्या नादी न लावता मजकूर समोर ठेवतात. छोटा धडा, मधे सराव, उत्तर झाकलेलं. आधी स्वतः लिहायचं, मग उघडून बघायचं. सराव परीक्षांच्या गावातल्या माणसाला ही पद्धत शिकवावी लागत नाही, लातूर पॅटर्नमध्ये आमचं अख्खं बालपण याच्यावरच गेलंय.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक का कापला ते पुढं येईलच.

पहिल्या भागात शब्दांवरचा धडा आहे. एका वस्तूला एकच नाव द्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा, असं तो सांगतो. वाचताना वाटलं, हे काय सांगायचं. मग आमची पुस्तिका उघडली. स्क्रीनवर ‘पेमेंट स्लिप’, पुस्तिकेत पान ६ वर ‘पावती’, पान ११ वर ‘बिल’, पान १९ वर ‘हिशोबाची चिठ्ठी’. आणि बाजारातला एकूण एक माणूस त्याला ‘पट्टी’ म्हणतो. शाळेत निबंधाला मार्क पडायचे ते तोच शब्द पुन्हा न वापरण्याचे. बाईंनी शिकवलेलं ते वळण इतकं मुरलेलं की मी पुस्तिकेतही समानार्थी शब्द पेरत होते. एक दिवस बसून सगळीकडं ‘पट्टी’ केलं. स्क्रीनवरचं नाव बदलायला प्रोग्रामर आठवडाभर कुरकुरला, मग बदललं.

सर्वनामांच्या धड्यात एक ठोकताळा दिलाय. नाम आणि त्याचं सर्वनाम यांच्यात पाचाहून जास्त शब्द आले तर सर्वनाम सोडा, नामच पुन्हा लिहा. हा ठोकताळा इंग्रजीसाठी आहे. मराठीत मी तो आणखी आवळला, कारण आपलं ‘ते’ फार कामं करतं. एक बटण म्हणजे ते, चार आकडे म्हणजे ते, शेठजी आले तरी तेच. माझ्या जुन्या पुस्तिकेत एक वाक्य होतं, ‘बॅकअपची फाईल पेनड्राइव्हवर घेतल्यावर ती काढून ठेवा.’ मला म्हणायचं होतं, पेनड्राइव्ह मशीनमधून काढून कपाटात ठेवा. औशाच्या एका दुकानातल्या पोरानं फाईल काढली. म्हणजे डिलीट केली. आमच्याकडं पेनड्राइव्ह तोही आहे आणि तीही आहे, तेव्हा त्याची काय चूक? आता तिथं तीन वाक्यं आहेत: ‘फाईल पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह मशीनमधून काढा. पेनड्राइव्ह कपाटात ठेवा.’ पेनड्राइव्ह तीनदा आलाय. कानाला बरं लागत नाही, पण फोन आला नाही.

मला सगळ्यात जास्त लागला तो कर्तरी-कर्मणीचा धडा. कर्ता कोण ते वाक्यात दिसू द्या, इतकीच शिकवण आहे. मी जिल्हा परिषदेच्या परिपत्रकांवर वाढलेली बाई. वडील तिथं कारकून होते. त्यामुळं ‘नोंद घेण्यात यावी’, ‘कार्यवाही करण्यात येईल’ हे माझ्या हाताचं वळणच झालेलं. पुस्तिकेत लिहिलं होतं, ‘वर्ष बंद केल्यानंतर सर्व बाक्या पुढील वर्षात घेतल्या जातील.’ घेतल्या जातील, पण कोण घेणार? अहमदपूरच्या मुनिमांनी तो मजकूर स्वतःसाठी आहे असं समजून दोन रात्री जागून दोनशेच्या वर खात्यांच्या बाक्या हातानं टाकल्या. सॉफ्टवेअरनं त्या आधीच आणल्या होत्या. सगळ्यांची बाकी दुप्पट! एका शेतकऱ्याला तर देणं चौदा हजाराचं अठ्ठावीस हजार झालं आणि तो म्हणाला, आम्हाला चालतंय की. आता तिथं लिहिलंय, ‘बाक्या सॉफ्टवेअर आणतं. तुमचं काम फक्त ताळा बघणं.’

‘नका’चं उत्तर मात्र या कोर्समध्ये नाही, आणि असायचं कारणही नाही. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, माणूस आधीच सावध होतो. आपल्याकडं क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागं. ‘दाबू नका’मधलं ‘नका’ वाचेपर्यंत अर्ध्या लोकांचं बोट पोचलेलं असतं. मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवर तर ओळ कुठं तुटेल सांगता येत नाही. यावर मी माझ्यापुरता नियम केला. धोक्याची सूचना नकारानं लिहायची नाही. आधी ‘थांबा’ हा शब्द, मग करायची गोष्ट. ‘थांबा. आधी बॅकअप घ्या. बॅकअप झाला असा निरोप दिसला की मगच पुढची पायरी.’ आणि पीडीएफ पाठवायची, वर्डची फाईल परत कधीच नाही. दुसरीकडं एक गोष्ट मराठीत आयती मिळते. गुगलची लेखनशैलीची नियमावली सांगते की अट आधी लिहा, सूचना नंतर. इंग्रजी लिहिणाऱ्याला त्यासाठी वाक्य फिरवावं लागतं. आपण बोलतोच तसं: पाऊस आला तर माल आत घ्या.

याच कारणानं एक स्टार कापलाय. विरामचिन्हं, इंग्रजी वाक्यातले जोडशब्द, ‘देअर इज’ कसं टाळावं, असे धडे मराठीत लिहिणाऱ्याला उपयोगाचे नाहीत. तुम्ही इंग्रजीत डॉक्युमेंटेशन लिहीत असाल, संभाजीनगरला किंवा पुण्याला एखाद्या कंपनीत असाल, तर पाचपैकी पाच समजा. मराठीत लिहिणाऱ्यानं ते धडे चाळून पुढं जावं.

वाचकावरचा धडा मात्र कुठल्याही भाषेत लिहिणाऱ्यानं सोडू नये. त्यात एक समीकरण आहे. वाचकाला ते काम करण्यासाठी जे ज्ञान आणि कौशल्य लागतं, त्यातून त्याच्याकडं आधीच असलेलं वजा करा. उरलं ते म्हणजे तुमचं डॉक्युमेंट. पट्टीच्या हिशोबासारखंच आहे की. रकमेतून हमाली-तोलाई वजा केली की उरतं ते शेतकऱ्याच्या हातात.

हे समीकरण घेऊन मी गंजगोलाईत माझ्या मावसभावाच्या दुकानात चहा पीत बसले होते, तिथून उठून सरळ एका आडतीवर गेले आणि अर्धा दिवस मुनिमांच्या शेजारी बसले. वहीत दोन रकाने केले. त्यांना काय येतं: भाव, कडता, उचल, व्याज, कोणाचं कोणाशी किती, तेही तोंडपाठ. काय येत नाही: फोल्डर म्हणजे काय, डी ड्राइव्ह कुठं असतो, माउसचं उजवं बटण कशाला असतं. आता माझी पुस्तिका बघा. सुरुवातीची दोन पानं ‘आडत म्हणजे काय’ यावर! तीस वर्षं आडतीवर बसलेल्या माणसाला मी आडत शिकवत होते. आणि बॅकअपच्या पानावर एकच वाक्य, ‘योग्य ठिकाणी बॅकअप घ्यावा.’ योग्य ठिकाण म्हणजे कोणतं, ते मला ठाऊक होतं, म्हणून ते लिहायचं सुचलंच नाही. आपल्याला जे येतं ते समोरच्यालाही येत असेल असं वाटत राहतं, त्याला कोर्समध्ये ज्ञानाचा शाप म्हटलंय.

दुसऱ्या भागात थोडं मोठ्या माणसांचं काम आहे: स्वतःचं लिखाण तपासणं, मोठं डॉक्युमेंट रचणं, चित्रं, नमुन्याचा कोड. तपासण्याचे उपाय घरगुती आहेत. मोठ्यानं वाचा, मधे वेळ जाऊ द्या, दुसऱ्याला दाखवा. चित्राबद्दल एक युक्ती मला फार आवडली. चित्र काढायच्या आधी त्याच्याखालची ओळ लिहा. मी आधी पूर्ण स्क्रीनचा फोटो चिकटवून त्यावर लाल बाणांची जत्रा भरवायचे. आता आधी ‘बॅकअपचं बटण उजवीकडं वर आहे’ एवढी ओळ लिहिते आणि तेवढाच कोपरा कापून लावते.

नमुन्याच्या कोडचा धडा माझ्या कामाचा नव्हता. तो मी आमच्या प्रोग्रामरला वाचायला लावला. इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन सीरियल केबलनं थेट कॉम्प्युटरमध्ये येतं. ती जोडणी कशी करायची यावर त्यानं एक फाईल लिहून ठेवली होती. नमुन्यात कॉम३ पोर्ट (केबल लागते ती जागा) आणि ९६०० चा वेग, बाकी ‘आवश्यकतेनुसार बदल करावा’. दुकानात गेलेला पोरगा कॉम३ टाकून काट्याकडं बघत बसायचा, कारण तिथल्या कॉम्प्युटरवर केबल कॉम५ ला लागलेली असायची. धडा सांगतो की नमुना चालला पाहिजे, आणि काय करू नये तेही दाखवायला हरकत नाही. आता फाईलच्या पहिल्याच परिच्छेदात पोर्टचा नंबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कुठं बघायचा ते आहे. प्रोग्रामर मान्य करत नाही, पण ती फाईल तो स्वतःही उघडतो.

एरर मेसेजचा छोटा कोर्स एका बसण्यात होतो. काय चुकलं ते सांगा, नेमकं कुठलं टाकलेलं चुकलं ते दाखवा, काय टाकायला हवं ते सांगा, आणि माणसाला दोष देऊ नका. आमच्या स्क्रीनवर सगळ्या रोगांवर एकच औषध होतं: ‘अवैध नोंद’. हमालीचा आकडा चुकला तरी अवैध, तारीख चुकली तरी अवैध. एका मुनिमांनी मला घाबरून विचारलं होतं, "मॅडम, अवैध म्हणजे पोलिसाचं काही नाही ना?" आता येतं, ‘हमाली -५० टाकली आहे. हमाली शून्य किंवा त्याहून जास्त हवी. उदाहरण: ५०’. फोन कमी झाले, पण किती ते मोजलेलं नाही.

या कोर्सच्या जोडीला एक गोष्ट सुचवते. डॅनिएले प्रोसिडा यांनी मांडलेली डायटॅक्सिस नावाची रचना आहे. डॉक्युमेंटेशन चार प्रकारचं असतं आणि ते एकात एक मिसळू नये, असं ती सांगते. नवख्याला हाताला धरून शिकवणारं, एखादं काम कसं करायचं ते सांगणारं, नुसती माहिती शोधायला असलेलं, आणि असं का आहे ते समजावणारं. वेबसाइट बनवायला प्रोग्रामर वापरतात त्या जँगोचं डॉक्युमेंटेशन बघा, तिथं असेच चार कप्पे दिसतात. आमची ४६ पानांची पुस्तिका म्हणजे या चारांची मिसळ होती, वर तर्री घातलेली. वर्ष बंद करायच्या पायऱ्यांच्या मधोमध मी लेखापरीक्षणाचं महत्त्व सांगत होते.

कोर्सच्या पानाखाली लिहिलंय की मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली आहे, श्रेय देऊन वापरता येतो. वर्ग घ्यायचा असेल तर शिकवणाऱ्यासाठी मार्गदर्शिकाही दिल्या आहेत. म्हणून मी निवडक धडे, श्रेय लिहून, मराठीत उतरवले आणि ऑफिसातल्या तिघांबरोबर तीन शनिवार दुपारी बसले. खरा कस तिथं लागतो. आपलं लिहिलेलं शेजारच्याला द्यायचं आणि तो तपासत असताना गप्प बसायचं. माझ्या एका परिच्छेदाखाली आमच्या सर्वांत धाकट्या पोरानं लिहिलं, ‘ताई, हे तुम्ही कुणाला सांगायलाव?’ मला राग आला. दोन दिवसांनी परिच्छेद काढला.

वर्ष बंद करायची नवी पुस्तिका म्हणजे आता एक पान आहे. मोठी अक्षरं, अकरा पायऱ्या, प्रत्येक पायरी करा, उघडा, दाबा, बघा असं सांगणारी. फेब्रुवारीत मी ते पान घेऊन उदगीरला गेले आणि त्याच काकांच्या समोर ठेवलं. मी बोलायचं नाही असं ठरवून शेजारी बसले. चौथ्या पायरीला ते थांबले. तिथं ‘पेनड्राइव्ह निवडा’ होतं, आणि त्यांच्या स्क्रीनवर पेनड्राइव्ह असं नाव कुठंच नव्हतं, कंपनीचं नाव होतं. बसमध्ये परत येताना ती पायरी बदलली.

या वर्षी ३१ मार्चला संध्याकाळी साडेसातला पुन्हा उदगीरहून फोन. माझ्या पोटात गोळा.

"झालं मॅडम. सगळं बरोबर हाय. फक्त तुमची नववी पायरी आठवीच्या आधी पायजे. बाक्यांची यादी आधी छापून ठेवली तर नव्या वर्षाशी ताडून बघता येतंय. वर्ष बंद झाल्यावर छापून काय उपेग?"

आठवी पायरी ‘वर्ष बंद करा’ होती. काकांचं बरोबर होतं. त्याच रात्री पायऱ्यांची अदलाबदल करून पीडीएफ सगळ्या दुकानांना परत पाठवली. पहिल्या ओळीत लिहिलं, ‘थांबा. भिंतीवरचं जुनं पान आधी काढा.’